मागे सरकलेली भेग

१

पाण्याच्या टाकीखाली एक मुलगी पडली आहे, असा फोन चौकीवर आला तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. फौजदार बाई तिथे पोहोचल्या तेव्हा कॉलेजचे डॉक्टर गुडघ्यांवरची माती झटकत उठत होते. त्यांची ती सावकाश हालचाल बघूनच बाईंना कळलं, की आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

मुलगी सव्वीस वर्षांची. संशोधन करत होती. चणीने लहान, आणि सदान्‌कदा काहीतरी उचलून कुठेतरी निघालेली, म्हणून सगळं कॉलेज तिला मुंगी म्हणायचं. टाकी चार खांबांवर उभी होती आणि त्यातल्या एका खांबाला वर जायला लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या होत्या. दोन पुरुष उंचीवरची एक पायरी काँक्रीटच्या ढेकळासकट उपटून आली होती. ती मुंगीच्या शेजारीच पडली होती.

"मला दिसली," बाजूला उभे असलेले प्राध्यापक म्हणाले. उंच, पांढऱ्या केसांचे, शांत आवाजाचे. मुंगीचे मार्गदर्शक. कॉलेजात त्यांना नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरायचं. "घरी निघालो होतो. पाच वाजून पाच मिनिटांनी इथून गेलो, तर ही अशी. वर कॅमेऱ्यासाठी खुणा करायला चढली असणार. किती वेळा सांगितलं होतं..."

"कॅमेरा?"

सरांनी समोरच्या लोखंडी खांबावरची पत्र्याची पेटी दाखवली. "टाकीच्या खांबाला भेग आहे. हा कॅमेरा दर दहा मिनिटांनी तिचा फोटो काढतो. फोटो निघाला की आमचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे, त्या पेटीतच, भेगेची रुंदी मोजतो आणि आकडा तक्त्यात टाकतो. माणसाने बोटसुद्धा लावायचं नाही. हेच तिचं संशोधन." सरांनी घड्याळात पाहिलं. "मी जरा लॅबमध्ये जाऊन येतो. तिच्या घरचा नंबर तिथे लिहिलेला आहे. आईला कळवायला हवं."

बाईंनी मान हलवली. आईला कळवायचं काम कोणी आपणहून अंगावर घेतलं की त्यांना नेहमीच थोडं हायसं वाटायचं.

साडेसहाला त्यांनी लॅबमध्ये बसून त्या दुपारचे फोटो पाहिले. कॅमेऱ्याचा रोख खांबावर, पण खालच्या कडेला थोडी जमीनही दिसत होती. तीन पन्नासच्या फोटोत कोणी नाही. चारच्या फोटोत कोणी नाही. चार दहा, चार वीस, तीस, चाळीस, पन्नास, सगळे रिकामे. आणि पाचच्या फोटोत, उजव्या कोपऱ्यात, चप्पल घातलेलं एक पाऊल.

"म्हणजे चार पन्नास आणि पाचच्या मध्ये पडली," हवालदार म्हणाला. "इतका चोख साक्षीदार जन्मात मिळायचा नाही, बाई. अपघात."

बाईंनीही कागदावर तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

"ही पोरगी पडल्या पडल्या गेली नाही," ते म्हणाले. "रक्तस्राव आतल्या आत, हळूहळू झाला आहे. पडल्यानंतर निदान चाळीस मिनिटं जिवंत होती ती."

२

सव्वापाचला ती मेलेली होती, हे डोळ्यांदेखतचं. पाचला दहा कमी असेपर्यंत ती पडलीच नव्हती, असं फोटो सांगत होते. त्या पंचवीस मिनिटांत चाळीस मिनिटं मावणार कशी?

"डॉक्टर चुकतात," मोठे साहेब म्हणाले. "फोटो चुकत नाहीत. उगाच राईचा पर्वत करू नका."

बाई हो म्हणाल्या आणि तडक पुन्हा टाकीपाशी गेल्या. मुंगी जिथे पडली होती तिथे, उजव्या हाताशी, मातीत चार बोटांनी ओढलेल्या चऱ्या होत्या. एकावर एक, पुन्हा पुन्हा ओढलेल्या. दहा मिनिटांत मरणाऱ्या माणसाला एवढं खोल उकरायला वेळ मिळत नाही. बाई उकिडव्या बसून बराच वेळ त्या चऱ्यांकडे बघत राहिल्या.

"तिथे बसू नका हो," मागून आवाज आला. "वरून काय निसटेल त्याचा नेम नाही."

तो कॉलेजच्या इमारतींची देखभाल करणारा अभियंता होता. जी गोष्ट उघडी दिसेल तिला कुलूप ठोकायची त्याची सवय, म्हणून मुलं त्याला कुलूपराव म्हणत. त्याचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते.

"शिडीच्या जाळीला मी कुलूप लावलेलं होतं," तो विचारायच्या आधीच म्हणाला. "दोन किल्ल्या. एक माझ्या कमरेला, एक लॅबच्या खणात."

"तुमचं नि तिचं भांडण होतं म्हणे."

"भांडण? रोज यायची हो ती माझ्याकडे. टाकी रिकामी करा, टाकी रिकामी करा. म्हणायची, भेग वाढतेय. अहो, टाकीच्या पायथ्याशी मुलींचं वसतिगृह आहे. टाकी रिकामी म्हणजे वसतिगृह बंद, आणि चारशे मुली ऐन परीक्षेत रस्त्यावर. मी माझ्या अधिकारात कशी करू? माझ्याकडे सहा महिन्यांपूर्वीचा दाखला आहे, टाकी दहा वर्षं सुरक्षित म्हणून."

"कोणाचा दाखला?"

"वरून आला. कुठल्याशा सल्लागार संस्थेचं पत्र आहे. खाली सही, ती काही वाचता येत नाही." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "परवा मी तिला ओरडलो. म्हटलं, पीएचडी मिळावी म्हणून माझ्या टाकीला भेगा पाडू नकोस. आणि काल तिच्या आईला फोन मलाच करावा लागला."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही केलात?"

"सहा वाजून गेले होते. कोणी कळवलंच नव्हतं. नंबर ऑफिसच्या वहीत होता."

सर तर पावणेसहाच्याही आधी नंबरासाठीच लॅबमध्ये गेले होते. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण माणूस धक्क्यात असतो, विसरतो. त्यांनी दाखल्याची प्रत मागून घेतली आणि लॅबचा जिना चढायला सुरुवात केली. दार अर्धवट उघडं होतं. आतून एका पुरुषाचा दाबून धरलेला रडका आवाज आला:

"मावशी, आमचं भांडण झालं होतं हे सांगू नका. हात जोडतो."

३

हात जोडणारा मुंगीचा संशोधनातला जोडीदार होता. बांधकामांवर बारा वर्षं देखरेख करून चौतिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला आलेला, त्यामुळे वर्गात सगळ्यांचा काका. आणि मावशी म्हणजे लॅबच्या सहायक. वीस वर्षं त्या खोलीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या.

"बसा," बाई काकाला म्हणाल्या. "मी विचारलं नाही तोवर तुम्ही खोटं बोलला नाहीत. आता विचारते. भांडण कशावरून?"

काकाचं तोंड उतरलं. "निबंधावर पहिलं नाव कोणाचं, यावरून. मोजण्याचा प्रोग्रॅम मी लिहिला. भेग ओळखायला कॅमेऱ्याला तिने शिकवलं. चार हजार फोटोंवर एकेक भेग तिने हाताने रेखून दिली, म्हणजे यंत्राला कळावं की भेग कोणती, डाग कोणता आणि कोळ्याचं जाळं कोणतं. काम तिचंच जास्त होतं. पण मला घरी बायको-मुलांना काहीतरी दाखवायचं होतं, मॅडम. दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो."

"काल दुपारी चार ते पाच तुम्ही कुठे होतात?"

"वाचनालयात. एकटाच."

"कोणी पाहिलं?"

"नाही."

"कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणाकडे?"

"तिच्याकडे, माझ्याकडे, सरांकडे आणि मावशींकडे."

हवालदाराने बाईंकडे अर्थपूर्ण नजर टाकली. भांडण आहे, पासवर्ड आहे, आणि त्या वेळचा एकही साक्षीदार नाही. अजून काय हवं?

 मावशी उठल्या आणि भिंतीवरच्या फळ्याकडे गेल्या. तिथे छापील आकड्यांचा एक कागद टाचणीने लावलेला होता.

"बाई, मी फार शिकलेली नाही," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवसाचा तक्ता रोज सकाळी छापायचा आणि इथे लावायचा, एवढं माझं काम. मुंगी आली की आधी हा कागद बघायची, मग पिशवी खाली ठेवायची. आज बघायला ती नाही, म्हणून मीच बघितला. मला काही हा बरोबर वाटत नाही."

"का?"

मावशींनी बोट ठेवलं. तीन पन्नासला भेगेची रुंदी एक पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश मिलिमीटर. पाचला पुन्हा तेवढीच. पण मधले सहा आकडे, चारपासून चार पन्नासपर्यंतचे, एक पूर्णांक एकसष्टच्या आसपास.

"भेग तासभर मिटली आणि परत उघडली," मावशी म्हणाल्या. "असं कधी होतं का हो?"

४

बाईंचे वडील एकेकाळी फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे. चेहऱ्यावरचा देवीचा व्रण ब्रशच्या टोकाने पुसणं, तुटक्या लग्नातला नवरा फोटोतून काढून टाकणं, असली कामं त्यांनी पस्तीस वर्षं केली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चहाचा कप त्यांना चाचपून शोधावा लागे. सकाळी बाईंनी तो त्यांच्या हातात दिला.

"अण्णा, फोटो खोटा आहे हे कसं ओळखायचं?"

"एकट्या फोटोवरून कधीच नाही ओळखता येत," अण्णा म्हणाले. "चांगला कारागीर असेल तर तू डोळे फोडून घेतलेस तरी नाही. पण कारागीर नवीन काही काढत नसतो ग. जो नवरा आम्ही पुसायचो त्याच्या जागी पडदा कुठून आणायचो? त्याच पडद्याच्या दुसऱ्या फोटोतून. तो दुसरा फोटो शोध. चोरी तिथे सापडते."

बाई चहा तसाच टाकून निघाल्या.

कॉम्प्युटरला त्यांनी हात लावू दिला नाही, काकाला तर मुळीच नाही. कॉम्प्युटरमधलं काहीही कोणी बदललं असू शकतं. पण मावशी जुने तक्ते फायलीत लावून ठेवत होत्या, आणि कागदावरचा आकडा कोणाला आत शिरून बदलता येत नाही. दोघी जमिनीवर बसल्या. बाई त्या सहा आकड्यांचा कागद धरून बसल्या आणि मावशी एकेका दिवसाचे चार ते पाचचे आकडे वाचू लागल्या.

अपघाताच्या आदल्या दिवसाचा नाही. त्याच्या आधीच्या दिवसाचा नाही. मागे मागे जाताना भेग अरुंद होत चालली होती. एक पंच्याहत्तर, एक सत्तर, एक सहासष्ट.

नवव्या दिवसाच्या कागदावर मावशी अडखळल्या. "एक सहाशे बारा. एक सहाशे नऊ. एक सहाशे सतरा..."

बाईंच्या हातातल्या कागदावर तेच होतं. सहाच्या सहा, शेवटच्या अंकापर्यंत.

त्यांनी काकाला बोलावलं. "एकाच भेगेचे दोन वेगळे फोटो काढले, तर आकडा असा तंतोतंत जुळेल?"

"कधीच नाही," काका म्हणाला. "एका मिनिटाच्या अंतराने काढले तरी शेवटचा अंक हलतो. ऊन सरकतं, वारा पेटी हलवतो, कॅमेऱ्याच्या काचेमागे बारीक दाणे उठतात ते दर वेळी निराळे असतात. एखादा अंक योगायोगाने जुळेल. सहा?" तो बोलता बोलता थांबला. रंग उडालेल्या चेहऱ्याने त्याने दोन्ही कागद शेजारी धरले. "मॅडम, हे फोटो परवाचे नाहीतच. हे नऊ दिवसांपूर्वीचे आहेत. कोणीतरी खरे सहा काढून हे तिथे ठेवलेत."

डॉक्टर बरोबर होते. चारच्या सुमारास मुंगी पडली होती, आणि नंतरचा जवळजवळ तासभर ती त्या मातीत जिवंत होती.

"पण तिने चुकून पडण्यात कोणाचं काय जाणार होतं?" हवालदार म्हणाला. "ती एकटी पडली असती तर फोटो बदलायची गरजच कोणाला?"

"कोणालाच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे फोटोत ती एकटी नव्हती. आणि एखाददुसऱ्या नाही, सहाही फोटोंत एकटी नव्हती."

 ढकलायला एक क्षण पुरतो. त्या माणसाने पन्नास मिनिटं तिथे काय केलं?

५

कुलूपरावाकडे पासवर्ड नव्हता. राहिले तिघं.

बाई मावशींना म्हणाल्या, "मला एकच सांगा. फोटो बदलले ते तुमच्या कागदात कसे आले? सर म्हणाले, पेटीतच मोजलं जातं, फोटो निघाला की लगेच. तसं असेल तर तक्त्यात खरे आकडे कधीच पडलेले असणार. नंतर फोटो बदलला तरी तक्ता बदलायला नको."

"तसं पूर्वी होतं," मावशी म्हणाल्या. "उन्हात पेटी तापायची आणि मोजणी चुकायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी काकांनी ते बदललं. आता पेटी नुसते फोटो पाठवते. संध्याकाळी सहाला हा कॉम्प्युटर दिवसभराचे सगळे फोटो घेतो आणि एकदम मोजतो."

बाई उठून उभ्या राहिल्या.

फोटो बदलणाऱ्याने सहाच्या आत ते बदलले आणि तक्त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. का बघितलं नाही? कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तक्ता आधीच लिहून झालेला होता, त्याला धक्का लागणारच नव्हता. काकाने तर ही नवी मोजणी स्वतः लिहिलेली. चोर तो असता तर त्याने सहा वाजून जाईपर्यंत थांबून फोटो बदलले असते, आणि जगात कोणाला पत्ता लागला नसता. मावशी रोज तो कागद छापतात, आणि चूक त्यांनीच तर दाखवली. मग जुनीच पद्धत चालू आहे असं समजणारं कोण उरलं?

"सरांना हा बदल माहीत नव्हता?"

"अहवालात लिहिलाय की," काका म्हणाला. "दर आठवड्याचा अहवाल त्यांच्याकडे जातो. हा बघा, आणि ही त्यांची सही." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "ते वाचत नाहीत, मॅडम. नुसती सही करतात. मुंगीने एकदा गंमत म्हणून मधल्या पानावर 'सर, आपण हे वाचत असाल तर आम्हाला चहा पाजा' असं लिहिलं होतं. त्यावरही सही आहे."

त्या सहीचं शेपूट मागे वळून पहिल्या अक्षराला वेढा घालत होतं. बाईंनी खिशातून टाकीच्या दाखल्याची प्रत काढली आणि अहवालाशेजारी ठेवली. कॅमेऱ्याला शिकवावं लागलं असतं. माणसाच्या डोळ्याला नाही. वाचता न येणारी सही तीच होती, वेढ्यासकट.

"काका," बाई पहिल्यांदाच त्याला त्या नावाने हाक मारत म्हणाल्या, "काढून टाकलेले फोटो परत मिळतात का?"

"त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर मिळतात. पण तुम्ही तर मला हात लावू देत नव्हतात."

"चोर कोण हे ठरेपर्यंत. आता लावा. आमचा माणूस शेजारी बसेल."

तीन तासांनी, बाई जेवायला म्हणून डबा उघडत होत्या, तेव्हा काका दारात येऊन उभा राहिला. तो चौकटीला धरून उभा होता.

"सहापैकी तीन मिळाले," तो म्हणाला. "तुम्ही बघा. मी पुन्हा बघणार नाही."

६

सरांच्या खोलीत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती. बाईंनी त्यांच्यासमोर एक बंद पाकीट ठेवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टर, सहा आकडे, नववा दिवस, न वाचलेला अहवाल, सही.

सर शांतपणे ऐकत होते. "तुम्ही हुशार आहात. पण आकड्यांवरून माणूस पकडता येत नाही, बाई. कॉम्प्युटर चुकला असं कोणीही म्हणेल."

"म्हणेल की. तुम्ही तिच्या घरचा नंबर शोधायला लॅबमध्ये गेलात. फोन मात्र कुलूपरावांनी केला."

"मी हादरलो होतो."

"पाचच्या फोटोला तुम्ही बाजूला झालात. तेवढा मात्र खरा ठेवलात, नंतर दाखवायला लागणार म्हणून. म्हणजे पाच वाजेपर्यंत तुम्ही हादरलेले नव्हतात, सर." बाईंनी पाकीट पुढे सरकवलं. "यात तीन फोटो आहेत. चार दहा, चार वीस, चार चाळीस. उघडून बघा."

सरांनी पाकिटाकडे पाहिलं. त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून निघाला, अर्ध्यावर आला आणि परत गेला.

"मी तिला ढकललं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. पायरी निसटली. मी विचारतेय ते त्यानंतरचं."

खिडकीबाहेर मुलं वर्गातून वर्गात चालली होती. त्यांचा गलका ओसरला. मग एखाद्याने दुसऱ्याची हकिगत सांगावी तसे सर बोलू लागले.

"दुपारी ती अहवाल घेऊन आली. म्हणाली, नऊ दिवसांत भेग जेवढी वाढली तेवढी गेल्या चार महिन्यांत वाढली नव्हती. आजच कळवा. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. तर म्हणाली, 'दाखला तुमचाच आहे हे मी ओळखलंय, सर. चूक झाली असं तुम्ही स्वतःच कळवा. मी कोणाला सांगणार नाही.' मला वाचवायला निघाली होती ती." त्यांनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. "मी टाकीपाशी गेलो तिला समजवायला. ती म्हणाली, 'एकदा वर चढून बघा तरी, तुम्ही दाखला दिलात तेव्हा चढलाच नव्हता ना?' मी नाही गेलो. मग तीच चढली, मला दाखवायला."

"आणि पडली."

"पडली. पाय हलत नव्हते. तिचा फोन लॅबमध्ये चार्जिंगला होता. माझा माझ्या खिशात होता." सर थांबले. "पहिली पाच मिनिटं मला काही सुचलं नाही, हे खरं सांगतो. मग सुचलं. तेच वाईट झालं. माझ्या मनात आलं, हिने सांगितलं नाही तर कोण सांगणार आहे?"

"ती बोलत होती?"

"हो."

"काय बोलत होती?"

"आधी फोन करा म्हणाली. मग पाणी मागितलं." त्यांनी खाली बघितलं. "मला वाटत होतं, आता करतो, आता करतो. दर दहा मिनिटांनी कॅमेऱ्याचा आवाज यायचा. आणि जितका उशीर होत गेला, तितकं फोन करणं अवघड होत गेलं. कारण मग इतका वेळ काय करत होतात, असं कोणीतरी विचारलंच असतं."

"मीच विचारतेय," बाई म्हणाल्या. पण त्यात विजय वगैरे काही नव्हता. 

पाकीट सरांनी शेवटपर्यंत उघडलं नाही. हवालदार त्यांना घेऊन गेला.

७

त्याच संध्याकाळी कुलूपरावाने कोणाच्याही सहीची वाट न बघता टाकीची खालची झडप उघडली. पाणी गटारातून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाहत होतं. चारशे मुली गाद्या-वह्या घेऊन वर्गखोल्यांत झोपल्या आणि सगळ्यांना शिव्या देत परीक्षेला बसल्या. नंतर तज्ज्ञ आले. त्यांच्यातला एक जण म्हणाला, हा खांब अजून दोन महिनेही उभा राहिला नसता. निबंधावर काकाने एकच नाव घातलं, आणि ते त्याचं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. सरांनी जबाब दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई मुंगीच्या आईकडे गेल्या.

आई कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट ब्लाऊज, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. नवरा कधीच गेलेला होता आणि मुंगी एकुलती एक. बाई आत आल्या तेव्हा ती मशीनवर बसलेली होती, पण पाय खालच्या पायडलवर नव्हते.

"लोक येतात, समजूत घालतात," आई म्हणाली. "सगळे म्हणतात, तिला कळलंसुद्धा नसेल, क्षणात सगळं संपलं असेल. तुम्ही तर सगळं बघितलंय. खरंच क्षणात ना हो?"

तीस वर्षांच्या नोकरीत बाईंना हा प्रश्न कितीतरी दारांत विचारला गेला होता, आणि दर वेळी त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. हो, काही त्रास झाला नाही. त्या उत्तराने कोणाचं वाकडं झालेलं त्यांना आठवत नव्हतं. पण हा खटला उभा राहणार होता तो त्या पन्नास मिनिटांवरच. कोर्टात ती मोजून सांगितली जाणार होती, भरल्या खोलीत, परक्या माणसांच्या तोंडून. आणि ही आई तिथे पहिल्या बाकावर बसलेली असणार होती.

बाई स्टुलावर बसल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "क्षणात नाही."

आईने हातातली कात्री मशीनवर ठेवली. "किती?"

"पन्नास मिनिटांच्या आसपास."

"शुद्धीवर?"

"बराचसा वेळ."

"एकटीच होती?"

"नव्हती. शेजारी माणूस होता. त्याने कोणाला बोलावलं नाही."

आईचा चेहरा हलला नाही. फक्त गळ्यात लटकणारी मापाची फीत तिने काढली आणि बोटांभोवती गुंडाळत राहिली, संपेपर्यंत. संपल्यावर ती उठली, रस्त्याकडचं दार तिने लोटून घेतलं आणि येऊन बाईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली.

"मग मला सगळं सांगा," ती म्हणाली. "ती काय बोलली, कोणाला हाक मारली, काय मागितलं, एकूण एक. माझ्याकडे बघून काही गाळू नका. तिथे तिचं कोणी ऐकलं नाही. मला ऐकू दे."

बाईंनी जबाबाचे कागद पिशवीतून काढले, पण उघडले नाहीत. ते त्यांना पाठ झाले होते. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि चार वाजल्यापासून सांगायला सुरुवात केली.